नऊ नंबरचं चेंबर

सकाळी नऊ चाळीसला पहिली केबल बंद केली, आणि दहा वाजून पाच मिनिटांनीही ती बोलतच होती.

कानवालीने आधी चष्मा पुसला. मग पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. नऊ नंबरचं चेंबर, पहिली केबल, मिनिटाला दोनशे दहा ठिणग्या. तारेत वीजच नसेल तर ठिणगी कुठून येणार?

कंट्रोल रूममध्ये तिला सगळे कानवाली म्हणत, ते तिच्या कामावरून. मोठ्या सबस्टेशनातून दोन जाड केबल जमिनीखालून निघत आणि साडेपाच किलोमीटरवर, भर वस्तीतल्या स्टेशनात पोचत. वाटेत अकरा ठिकाणी रस्त्याखाली काँक्रीटच्या खोल्या होत्या. त्यांना चेंबर म्हणायचं. केबलचे तुकडे एकमेकांना तिथे जोडलेले असत, आणि केबल दगा देते ती बहुधा जोडापाशीच. जोडाच्या आतलं इन्सुलेशन खराब व्हायला लागलं की त्यात बारीक ठिणग्या उडू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. महिनाभर मिनिटाला पाच-दहा, मग शंभर-दोनशे, आणि एके दिवशी जोड फुटतो. म्हणून प्रत्येक जोडाच्या अर्थिंगच्या वायरवर एक सेन्सरचं कडं बसवलेलं होतं. ते चोवीस तास ठिणग्या मोजायचं आणि आकडे इथे पाठवायचं. केबलचं दुखणं ऐकणारी बाई, म्हणून कानवाली. दोन वर्षांत तिच्या सांगण्यावरून शहरातल्या इतर लायनींवरचे चार जोड वेळेत बदलले गेले होते. लोकांना त्याचा पत्ताही नव्हता, आणि तिला त्याचंच समाधान होतं.

आज सकाळी आठ वाजता नऊ नंबरच्या चेंबरात पहिल्या केबलचा आकडा एकदम चढला. तिने शिफ्टप्रमुखांना सांगितलं. साहेबांनी वेळ घालवला नाही. पहिली बंद करा, सगळा लोड दुसरीवर टाका, आणि जोड उघडायला जॉइंटरला खाली पाठवा.

जॉइंटर तिचा धाकटा दीर होता. एकाच घरात राहायचे, एकाच खात्यात कामाला. खाली उतरण्यापूर्वी त्याने तिला फोन केला होता.

"वहिनी, तुमच्या पेशंटकडे आलोय. काय झालंय म्हणता? ताप की खोकला?"

"दोन्ही. भाऊजी, चेष्टा पुरे. हातमोजे नवे घेतलेत ना?"

"नवेच आहेत. जुने दादाला ठेवलेत, भांडी घासायला."

"तो घासतो तरी. तुम्ही कधी ताट उचललंय का?"

"म्हणून तर देव मला खड्ड्यात पाठवतो. बरं, खाली रेंज नाही. काही लागलं तर वरच्या माणसाला सांगा. आईला म्हणावं, जेवायला उशीर होईल."

हे नऊ पन्नासला. आता दहा वाजून सात मिनिटं झाली होती. तो पंधरा मिनिटांपासून त्या खोलीत बसला असणार, गुडघे पोटाशी घेऊन, कपाळावर दिवा लावून. जागाच तेवढी. आकडा दोनशे तीस झाला.

ती उठून साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, पहिली अजून बोलतेय."

साहेबांनी मान वर केली. "बंद आहे ती. अर्थिंगही केलंय तिचं."

"माहीत आहे. तरी आकडा येतोय."

"दुसरीचा आवाज असेल तो. दोघींचं अर्थिंग खाली एकच आहे. शेजारच्यांचा टीव्ही आपल्या घरात ऐकू येतो की नाही?" ते म्हणाले, "आणि दुसरीवर आता दुप्पट लोड आहे. ती थोडी कुरकुरणारच."

बोलणं पटण्यासारखं होतं. शेजारच्या केबलचा आवाज असा आत येतो, हे तिने स्वतः नव्या लोकांना शिकवलं होतं. ती जागेवर परत आली, नोंदवहीत वेळ टाकली आणि पुढे लिहिलं, शेजारचा आवाज. लिहून झाल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टीव्ही शेजारी लागला असेल तर तो शेजारी जास्त मोठ्याने ऐकू यायला हवा.

तिने दुसऱ्या केबलचं पान उघडलं.

चांगल्या केबलचं पान कुणी उघडत नाही. सकाळपासून तिनेही उघडलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष आजारी केबलकडे. दुसरी धडधाकट होती, आज तर सगळ्या वस्तीचा भार एकटी वाहत होती, तिच्याकडे बघायचं काय? पण धडधाकट केबलसुद्धा पूर्ण गप्प कधी नसते. मिनिटाला एखादी ठिणगी, कधी दोन, काहीतरी पुटपुटत असतेच.

दुसरीची रेघ सपाट होती. नऊ नंबरला शून्य. तिने आठ नंबरचं चेंबर पाहिलं. शून्य. सात, सहा, पाच. ती शेवटपर्यंत गेली. अकराच्या अकरा चेंबरांत शून्य, आणि प्रत्येक रेघ सपाट झाली होती ती नऊ एक्केचाळीसला.

एखादा सेन्सर बिघडतो. अकरा सेन्सर एकाच मिनिटाला बिघडत नाहीत.

नऊ चाळीसला जी केबल बंद केली, ती ही होती. पडद्यावर जिला दुसरी म्हणतात, ती खाली जमिनीत पहिली होती. आणि पडद्यावरची पहिली, मिनिटाला दोनशे ऐंशी ठिणग्या टाकणारी, ही खालची दुसरी. म्हणजे आजारी केबल बंद झालेलीच नव्हती. सगळ्या शहराने मिळून तिच्या पाठीवर दुप्पट ओझं टाकलं होतं. भाऊजी जी केबल सोलत होते ती चांगली होती. सडलेला जोड त्यांच्या पाठीमागे होता, दोन हातांवर.

आणि हे कुणी केलं, हे शोधायला तिला कुठे जावं लागलं नाही.

या जोडीची सगळी कडी तिने बसवली होती. दोन वर्षांपूर्वी, नोकरीवर नवीन असताना, एका आठवड्यात अकरा चेंबर. खाली केबलवर क्रमांकाच्या पट्ट्या राहत नाहीत, चिखलपाण्याने गळून पडतात. म्हणून मोजायची एक पद्धत असते. जॉइंटर लोक खाली उतरले की सबस्टेशनकडे पाठ करतात, वीज जिकडे जाते तिकडे तोंड, आणि डावीकडून मोजतात. पहिली, दुसरी. त्यांचे बाप तसेच मोजत होते. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या हातात नकाशा होता. नकाशात सबस्टेशन कागदाच्या वरच्या अंगाला छापलेलं असतं, आणि नकाशा हातात धरला की माणूस आपोआप त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. ती तशी उभी राहिली, डावीकडून मोजलं, आणि अकरा चेंबरांत बावीस कडी व्यवस्थित, नीटनेटकी, उलटी बसवली. तेव्हापासून या जोडीतली एक केबल एकटी कधी बंद झालीच नव्हती. चूक दोन वर्षं जमिनीखाली स्वस्थ पडून होती.

तीनशे दहा.

तिने वरच्या माणसाला फोन लावला. चेंबरच्या तोंडाशी एक माणूस बसवलेला असतो, खालच्यावर लक्ष ठेवायला. फोन वाजत राहिला. तिने पुन्हा लावला. पुन्हा. तिला त्या जागेचा आवाज ठाऊक होता. खाली हवा सोडणारा पंखा अगदी तोंडापाशी ठेवतात आणि तो असा घरघरतो की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. खिशातला फोन कुठून ऐकू येणार त्याला?

फुटलेलं चेंबर तिने एकदा पाहिलं होतं. आत कुणी नव्हतं म्हणून लोक बघायला तरी उभे होते. शिडीच्या लोखंडी पायऱ्या मेणासारख्या वाकल्या होत्या. भिंतीचं काँक्रीट पोळून पांढरं पडलं होतं. वरचं झाकण, जे दोन माणसांना मिळून सरकवावं लागतं, ते चार दुकानं पलीकडच्या पत्र्यात रुतून बसलं होतं.

"साहेब," ती जागेवरूनच म्हणाली, "दुसरी बंद करावी लागेल. आत्ता."

साहेब उठून तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"दुसरी? अहो, तीच तर चालू आहे."

"आजारी तीच आहे. सेन्सर उलटे लागलेत. हे बघा, जिच्यावर सगळा लोड आहे तिच्या अकरा जागी शून्य आहे. असं कसं होईल?"

साहेबांनी पाहिलं. ते मूर्ख नव्हते, त्यांनी एकदाच पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण वीस वर्षांची नोकरी माणसाला आधी दुसरी बाजू दाखवते.

"सेन्सर उलटे कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मीच लावलेत."

"दुसरी पण बंद केली तर मधल्या सगळ्या वस्तीची लाइट जाईल. रुग्णालयाला जनरेटर आहे, तो बारा सेकंदांनी येतो. लिफ्टला नाही. पाण्याचे पंप आहेत. घरात कोण कुठल्या मशीनवर असेल ते आपल्याला काय माहीत? आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"भाऊजी खाली आहेत, साहेब."

"मला माहीत आहे तुमचे कोण आहेत ते. म्हणूनच विचारतोय. खात्री आहे, की भीती वाटतेय?"

दोन्ही होतं, आणि त्यातलं कुठलं बोलतंय हे तिला वेगळं करता येईना. जिला दोन वर्षं डावं-उजवं कळलं नव्हतं, तिला आता एका मिनिटात कळलं, याची हमी कुणी द्यावी? तीनशे साठ.

"गाडी पाठवतो," साहेब म्हणाले. "माणूस वर घेऊ, मग निवांत बघू."

"गाडीला पंधरा मिनिटं लागतील."

"तोवर मी फोन लावत राहतो. पाच मिनिटं द्या मला." आणि त्यांनी खरंच फोन लावला, कानाला धरून उभे राहिले. तिला रिंगचा आवाज ऐकू येत होता.

टेबलाच्या कडेला सबस्टेशनचा थेट फोन होता. ब्रेकर चालवणारे बटणकाका तिकडे बसत. खात्यात एक जुना नियम होता. कुठल्याही कर्मचाऱ्याने, शिपायानेसुद्धा, त्या फोनवर 'माणूस खाली आहे' एवढं म्हटलं की काकांनी आधी ब्रेकर उघडायचा, म्हणजे वीज तोडायची, आणि कारण नंतर विचारायचं. म्हणणाऱ्याने मात्र नंतर त्या शब्दांची जबाबदारी घ्यायची. तिच्या नोकरीत ते शब्द कुणी वापरलेले तिने ऐकले नव्हते.

तिने फोन उचलला.

"सबस्टेशन," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी नुकतंच जेवण झाल्यासारखा असायचा.

"काका, मी कानवाली. माणूस खाली आहे. दुसरी उघडा."

"कुठली?"

"दुसरी."

"बाई, पहिली उघडीच आहे. दुसरी उघडली तर काही उरत नाही."

"माहीत आहे."

"मी परत म्हणतो, तुम्ही हो म्हणा. नियम आहे. माणूस खाली आहे, दुसऱ्या केबलचा ब्रेकर उघडायचा. बरोबर?"

दुसरी म्हणजे कुणाची दुसरी? पडद्यावरची, नकाशातली, भाऊजींची? ब्रेकर सबस्टेशनात होते, त्यांच्यावर ठसठशीत क्रमांक होते, ते तिने लावलेले नव्हते. जी चालू आहे ती. जगात एकच चालू होती.

"जी चालू आहे ती, काका. बरोबर."

"उघडतो."

डोक्यावरचे दिवे गेले. एसी थांबला. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं तरी खोली एकदम लहान झाली. पडदे बॅटरीवर होते, ते तसेच राहिले. पहिली केबल, नऊ नंबर, चारशे दोन. मग पुढच्या मिनिटाचा आकडा आला.

शून्य.

साहेबांचा हात कानाशी फोन धरून तसाच राहिला होता. त्यांनीही ते शून्य पाहिलं. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले, सिग्नल गेले असणार. शून्याचा अर्थ केबल बंद झाली एवढाच होता. जोड त्याच्या अर्धा सेकंद आधी फुटला असता तरी पडद्यावर हेच शून्य दिसलं असतं. हे तिला माहीत होतं आणि साहेबांनाही.

फोन उचलला गेला. साहेबांनी तो टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"हां, साहेब," वरचा माणूस बोलत होता. "अहो, किती फोन केलेत. ऐकूच येत नव्हता. इथे चावीवाल्याच्या दुकानातून लाइट घेतली होती, तीच गेली. पंखा बंद पडला. जॉइंटरला वर घेऊ का? आत हवा नाही."

"घ्या," ती म्हणाली. "आत्ता घ्या. काही आवरायला सांगू नका."

"ओ जॉइंटर," तो खाली तोंड करून ओरडला. मग शिडीचा आवाज, एकेक पायरी. तिने मनात पायऱ्या मोजल्या. नऊ होत्या. सातपर्यंत मोजलं आणि पुढचं ऐकू आलं नाही.

"काय वहिनी," भाऊजी म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "लाइट घालवलीत ना गावाची? करवत हातात घेतली होती मी. आणखी पाच मिनिटं असती तर जोड कापला असता."

"कापला नाही ना?"

"नाही. वरचं आवरण सोललंय फक्त. का?"

तिने सांगितलं. काही न गाळता सांगितलं, नकाशापासून.

"म्हणजे ती माझ्या पाठीमागे होती," भाऊजी म्हणाले.

"हो."

"टेकून बसलो होतो मी तिला."

चांगली केबल कापलेली नव्हती, म्हणून तिच्यावर पुन्हा आवरण गुंडाळून, तपासून, तासाभरात वीज सोडता आली. साडेअकराला दिवे आले. साहेबांनी एवढंच विचारलं, की बाकीच्या लायनींवर सेन्सर कुणी बसवले. दुसऱ्या टोळीने, ती म्हणाली. पण तेही तपासा. आणि अहवालात माझं नाव घाला. साहेब म्हणाले, ते होईल, आधी आजचं.

आजचं काम राहिलं होतं. वस्ती आता एकाच केबलवर होती. आजारी जोड आजच उघडून बदलायला हवा होता, आणि तो उघडायला भाऊजींना पुन्हा त्याच खोलीत बसायचं होतं. पुन्हा एका जिवंत केबलला पाठ लावून.

त्यांनी पावणेबाराला फोन केला. "वहिनी, आता जी चालू आहे ती बरी आहे ना? तुमचं मशीन काय म्हणतं?"

मशीन चांगलं म्हणत होतं. मिनिटाला एक, कधी दोन. सकाळी दहापर्यंत ती याच मशीनच्या आकड्यांवर विसंबून होती. तिने तोंड उघडलं आणि तिला 'हो' म्हणवेना.

"मी येते तिकडे," ती म्हणाली. "मी येईपर्यंत उतरू नका."

चेंबरच्या तोंडाशी पंखा घरघरत होता. भाऊजी दुकानाच्या पायरीवर बसून पाणी पीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या मोजणीच्या यंत्राकडे.

"तुम्ही खाली येणार? आईला कळलं तर मला घराबाहेर काढेल."

"त्यांना कोण सांगणार आहे?"

ते आधी उतरले, ती मागून. आत ओल्या सिमेंटचा आणि गरम रबराचा वास होता. दोन केबल भिंतीला धरून जात होत्या, तिच्या मांडीएवढ्या जाड, दिसायला अगदी सारख्या. ती शिडीवरून खाली आली ती सबस्टेशनकडे तोंड करून.

"फिरा," भाऊजी म्हणाले. "पाठ तिकडे करा. हां. आता मोजा."

तिने मोजलं, मोठ्याने. मग दोन्ही कडी सोडवली आणि अदलाबदल करून लावली. चाप दोनदा निसटला. त्यांनी हात पुढे केला नाही. तिचं तिलाच करू दिलं.

जोड उघडायला चाळीस मिनिटं लागली. शेवटचा थर निघाला तेव्हा त्यांनी कपाळावरचा दिवा जवळ नेला. आत पांढऱ्या इन्सुलेशनमध्ये काळ्या रेघा पसरल्या होत्या, वाळलेल्या झाडाच्या मुळांसारख्या, फाटे फुटत फुटत. बाहेरच्या कडेपर्यंत पोचायला त्यांना करंगळीच्या नखाएवढी जागा उरली होती. भाऊजींनी हातमोजा काढून त्या जोडाशेजारी केबलवर, सकाळी टेकून बसले होते तिथे, उगाच हात ठेवून पाहिला.

"वर जा आता," ते म्हणाले. "नवा जोड भरायला चार तास लागतील. दोघांनी कशाला बसायचं खाली?"

"तुम्ही काम करा."

"वहिनी, ती केबल बरी आहे. तुम्हीच तपासलीत आत्ता."

"सकाळीही मीच सांगितलं होतं."

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. गुडघे पोटाशी घेतले, यंत्र मांडीवर ठेवलं, आणि जिवंत केबलच्या कड्याची वायर त्याला जोडली. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि चाकू उचलला.

"एक," ती म्हणाली.

मिनिटभर ते काम करत राहिले.

"दोन."

"दोन चालतात ना?"

"चालतात."

पुढच्या मिनिटाला एकही नव्हती, आणि तिने तेही सांगितलं.